समोरच्या दारातल्या शिव्या

आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या इराचे जगात सर्वांत जास्त लाड कुणी केले असतील, तर समोरच्या फ्लॅटमधल्या हाँगकाँगच्या बाईंनी. आणि ते लाड मी बंद पाडले.

बाई इथं आखातात, जबल अली बंदरावरच्या एका शिपिंग ऑफिसात होत्या, दुपारीच सुटायच्या. आम्ही दोघं कामावरून परतेपर्यंत इरा त्यांच्याकडे असे. ती त्यांना पोपो म्हणे, म्हणजे आजी. आणि पोपोच्या तोंडी तिच्यासाठी शिवीखेरीज शब्द नसे. स्कूल बस दिसली की गेटवरूनच कँटोनीजमध्ये गर्जना, "सेइ नॉय!" म्हणजे मेली कार्टी. मागोमाग इथल्या अरबीतलं "चल", "यल्ला, जेवायला!" जेवली नाही तर माकड, जेवली तर मोठ्यांची हाडं विरघळवून पिणारा ड्रॅगन. हाँगकाँगमधल्या इंजिनिअर मुलाला त्या फोनवर सुनावत, "तुझ्याऐवजी भाजलेल्या डुकराचा तुकडा जन्माला घातला असता, तर निदान खाता तरी आला असता!" आणि फोन ठेवून डोळे पुसत. बिल्डिंगमधली पोरं शिवी खायला त्यांच्या दाराशी घुटमळत. नवी शिवी मिळालेलं पोर संध्याकाळभर मिरवे.

एकदा मी या शिव्यांमागचा अर्थ विचारला. बाई खुलल्या. "पोराला गोड नावानं हाक मारायची नाही, मिस्टर. वरचे ऐकत असतात. आवडलं की उचलून नेतात. मेली म्हटलं की म्हणतात, ही काय कामाची!"

इराच्या आधी आम्हाला मुलगा झाला होता. मी त्याला सोन्या म्हणायचो, राजा म्हणायचो, उठता-बसता. तो वर्षाचाही झाला नाही.

बाईंना हे ठाऊक नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "प्लीज, माझ्या मुलीशी नीट बोला. आमच्या घरात असली भाषा चालत नाही." तेही खोटंच. माझ्या आईनं मला 'मेल्या'खेरीज दुसरी हाक कधी मारली नव्हती.

"सॉरी, सर," बाई म्हणाल्या. मिस्टरचा सर झाला.

दुसऱ्या दिवसापासून "गुड आफ्टरनून, इरा. प्लीज सिट." थोड्याच दिवसांत इरानं विचारलं, "बाबा, व्हाय इज पोपो अँग्री विथ मी? शी सेज प्लीज." मी टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढे बाईंची पलीकडच्या किनाऱ्यावरच्या खोर फक्कान बंदरात बदली झाली. निघताना त्यांनी इराशी शेकहँड केला. लिफ्टचं दार मिटताना मात्र त्यांना राहवलं नाही. माझ्याकडे भीत भीत बघत त्या पुटपुटल्या, "सेइ नॉय." इरा खदखदून हसली, आणि मग बंद दाराला कपाळ लावून रडली.

खोर फक्कान काही लांब नाही. मी त्यांना गावंढळ समजलो, असंच बाई अजून धरून चालल्या असतील. सोन्याबद्दल त्यांना सांगायचं आहे. तेवढं मी त्यांचं देणं लागतो.