घागरीचा दिवा आणि तिसरी वायर

ती घटना मी आजवर कुणालाही सलग सांगितलेली नाही. पण घरात कुठलाही प्लग लावताना ती आठवतेच.

पोलीस खात्यात मी थोडीच वर्षं होते. घरच्या कारणाने लवकर बाहेर पडले. तेव्हा मुलुंडच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. इंग्रजी माध्यमात शिकलेली, त्यात मुळातच कमी बोलणारी. पंचनामा लिहिताना शब्द अडला की आमचे हवालदारकाका म्हणायचे, "होल्डर लिहा मॅडम. कोर्टातपण होल्डरच म्हणतात."

सकाळी ठाण्यात फोन आला. एका जुन्या सोसायटीत पन्नाशीच्या बाई शॉक लागून गेल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा त्यांचे पती दारातच बसून होते. मूळचे मालवणकडचे, एका छोट्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बाई अंघोळ करून, ओल्या हातांनीच पूजेला बसल्या होत्या. देवघराजवळ तांब्याच्या घागरीचा केलेला टेबल-लॅम्प आडवा पडला होता. त्याच्यावर ओल्या कुंकवाची बोटं उमटलेली होती. लॅम्पला पांढरा, नवा, दोन पिनांचा प्लग होता. पंचनाम्यात मी हे सगळं लिहिलं आणि अकस्मात मृत्यूची नोंद केली.

दुपारी दुसरा फोन आला. फोन करणाऱ्या बाईने नाव सांगितलं नाही.

"तो दिवा जावयाने बनवलाय. नीट बघा. लग्नाच्या वेळी केवढी भांडणं झाली होती, अख्ख्या बिल्डिंगला माहितीये."

चौकशी केली तर त्यात तथ्य होतं. मुलीने बौद्ध घरातल्या मुलाशी लग्न केलं होतं. आईने जावयाला बराच काळ घरात पाऊल ठेवू दिलं नव्हतं. अलीकडे तो येऊ लागला होता, पण बाहेरच्या खोलीत बसून चहा पिऊन जायचा. सासऱ्यांनी जबाबात स्पष्ट सांगितलं, "संशय त्याच्यावरच. आणि कोणावर असणार?"

जावयाला बोलावलं. तो एका कंपनीत हिशेब बघायचा; असे दिवे करणं हा त्याचा छंद. तो जवळजवळ काही बोललाच नाही. आमच्या वरिष्ठांना त्यातच उत्तर दिसलं. "निर्दोष माणूस ओरडतो. हा बघ कसा बसलाय. विद्युत निरीक्षकांनी वायरिंग खराब म्हटलं की गुन्हा दाखल कर."

मला तसं वाटत नव्हतं. भरल्या खोलीत मलाही बोलता येत नाही, आणि त्याचा अर्थ लोक आपापल्या सोयीने काढतात. मी त्याला मागच्या खोलीत नेलं, खुर्ची शेजारी ओढली आणि विचारलं, "दिवा कसा केला, ते पहिल्यापासून सांगा."

यावर मात्र तो बोलला. घागर सासूबाईंच्याच माहेरची, गळकी म्हणून माळ्यावर टाकलेली. त्याने ती मागून घेतली. वायर बाहेर येते त्या भोकाला रबराची रिंग बसवली, पत्र्याच्या कडेने वायर कापू नये म्हणून. हिरवी, अर्थिंगची तिसरी वायर घागरीला आतून स्क्रूने पक्की केली.

"आणि प्लग?"

"तीन पिनांचा. काळा. आईंना सांगून आलो होतो, किचनमधल्या फ्रीजच्या पॉइंटलाच लावा. अर्थिंग तिथेच आहे."

"दिव्याला तर पांढरा प्लग आहे. दोन पिनांचा."

त्याने मान वर केली. "मग तो माझा नाही, मॅडम."

विद्युत निरीक्षकांनी त्याच दिवशी दिवा उघडून पाहिला. होल्डरचा स्क्रू ढिला होऊन वायर निसटली होती आणि घागरीला टेकली होती. ते म्हणाले, "हे कुठल्याही दिव्यात होऊ शकतं. त्यासाठीच तर हिरवी वायर असते. ती जोडलेली असती तर फ्यूज उडाला असता, दिवा विझला असता, बाई आज जिवंत असत्या. ही प्लगजवळ कापलीय."

म्हणजे प्रश्न एवढाच उरला होता: प्लग कोणी बदलला? त्यावर जावयाची अटक अवलंबून होती. मी हवालदारकाकांना घेऊन पुन्हा त्या घरी गेले. मुलगीही तिथेच होती. मी सासऱ्यांना विचारलं, "काळा, तीन पिनांचा प्लग घरात कुठे पाहिलात का?"

"तो होय? आहे ना." ते उठले आणि बिस्किटांच्या डब्यातून स्क्रू, जुने होल्डर बाजूला करत प्लग काढून माझ्या हातात दिला. "चांगला आहे, टाकवला नाही. देवघराच्या बोर्डाला दोनच भोकं. हा बसत नव्हता, म्हणून बदलला मी."

प्लगमध्ये हिरव्या वायरीचा तुकडा तसाच अडकलेला होता.

"पण दिवा किचनमधून का हलवला?" मी विचारलं.

"हिच्या आईनेच सांगितलं. म्हणाली, माझ्या आईची घागर आहे, जावयाने उजेडात आणली. देवाजवळ ठेवा. आदल्या दिवशी अर्धा दिवस त्यातच गेला माझा. सकाळी हळदकुंकू लावणार म्हणत होती."

मुलीने तोंडावर हात दाबला. तिला कळलं होतं. त्यांना अजून नाही.

"काय झाला गो?" त्यांनी तिला विचारलं. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "दोन वायरींवर दिवा लागला, मॅडम. मी लावून बघितला. हिरवी कशाला असते?"

हवालदारकाका खिडकीबाहेर बघू लागले. सांगायचं मलाच होतं. मी सांगितलं, जमेल तितकं हळू. शेवटी ते एवढंच म्हणाले, "मग त्या पोराला कशाला बसवून ठेवलंय?"

ते आमच्याबरोबर ठाण्यात आले. जावई बाकावरून उठून उभा राहिला. मी म्हटलं, "तुम्ही जाऊ शकता." तो सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्याला सगळं समजलं असावं, कारण तो माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "मॅडम, माझीच चूक लिहा ना. मी वर चिठ्ठी लावायला हवी होती."

"गप रे," सासरे म्हणाले. "तिने तुझा दिवा देवाजवळ ठेवायला लावला. तुला सांगणार होती रविवारी जेवायला बोलावून. मी तुझं नाव दिलं इथे. ते काढायला आलोय."

अंतिम अहवालात मी अपघाती मृत्यू लिहिलं; घातपाताचा संशय नाही. वरिष्ठांनी सही केली. कागदावर प्रकरण संपलं.

धातूचा दिवा करणाऱ्यांना मी आता न विचारताही सांगते: तिसरी वायर कापू नका, आणि दिवा कुठे ठेवणार ते त्या घरातल्या माणसांना आधी विचारा. पण मी शिकले ते वेगळंच. कोणाचं कोणाशी वैर होतं, हा आमचा पहिला प्रश्न असायचा. त्या घरात त्या आठवड्यात वैर मिटत होतं, आणि ते विचारायला आमच्याकडे प्रश्नच नव्हता. मी एका माणसाला सोडवलं खरं. पण सासूने आपल्याला स्वीकारलं, ही बातमी त्याला पोलीस ठाण्याच्या बाकाजवळ, तिच्या मरणानंतर ऐकावी लागली.