टोपलीखालचं पीठ

आमच्याकडं माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर, जिथं त्यानं जीव सोडला तेवढी जागा सारवतात. त्यावर ज्वारीचं पीठ पसरून हातानं सपाट करतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलायची आणि काय उमटलंय ते बघायचं. खूर दिसलं तर माणूस गाईच्या नाहीतर शेळीच्या जन्माला गेलं, चिमणीचं पाऊल दिसलं तर पाखराच्या. ते कळेपर्यंत घरातली जुनी माणसं अन्नाला शिवत नाहीत.

गावात ते पीठ वाचायला माझ्या मायला बोलवायचे. माय शेळ्या राखायची, कापसाच्या दिवसांत वेचणीला जायची, सोमवार कडक धरायची. कुणाच्या घरून निरोप आला की हातातलं काम टाकून निघायची आणि त्या घरचा चहासुद्धा घ्यायची नाही. वाकून बघायची आणि सांगायची, "रडू नका, वासराचं खूर हाय. चांगल्या जागी गेले तुमचे मालक." मग त्या घरी चूल पेटायची.

मला असल्या गोष्टींची लय चीड. लग्न होऊन पूर्णेला गेले, नवरा रेल्वेत, तेव्हापासून तर जास्तच. एकदा दिवाळीला आले होते तेव्हा मी तिला धरलंच. "माय, खरं सांग, काही दिसतं तरी का गं?"

ती शेळीची धार काढत होती. हसली, आणि अंगणातल्या ओल्या मातीत दोन बोटं टेकवली. हुबेहूब खूर उमटलं.

"आगं बया! म्हणजे लोकांना गंडवायलीस?"

"गंडवायचं काय त्यात? मेलेल्याच्या मागं जिते उपाशी बसत्यात. माणूस पोचलं म्हणून कुणीतरी सांगाया पायजे का न्हाई?"

"आन् आपल्या बारकीच्या वेळी?"

बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. दोन वर्षांची असताना तापानं गेली. तिच्या पिठावर चिमणीचं पाऊल निघालं असं माय सांगायची, आणि तेव्हापासून रोज उंबऱ्याबाहेर मूठभर बाजरी टाकायची. मायचा हात थांबला.

"तवा म्या बोटं लावली न्हाईत," ती म्हणाली.

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. 

यंदा थंडीत माय गेली. वेचणीवरून आली, पाणी प्याली, भिंतीला टेकून बसली आणि गेली. मी देवगाव फाट्यावर उतरून घरी पोचले तर आबा, म्हणजे माझे वडील, बाजेवर बसलेले. त्यांना साखरेचा आजार. पोटात काही असल्याशिवाय गोळी देता येत नाही, आणि त्यांनी तर कोऱ्या चहाशिवाय काही घेतलं नव्हतं.

"आबा, दोन घास खा."

"ती कुठं गेली ते कळू दे. मग खातो."

हट्टी म्हातारा! चुलतीनं समजावलं, मी ओरडले, पायासुद्धा पडले. दुसऱ्या दिवशी उठताना त्यांचा तोल गेला, मी धरलं म्हणून वाचले. हेसुद्धा हिच्या मागं निघाले, या भीतीनं माझं काळीज हललं.

आणि घरभर तीच. चुलीपाशी बांगड्या वाजल्यासारखं व्हायचं. लुगडं दोरीवर तसंच होतं, मी त्याखालून वाकून जायचे, हात लावायचा धीर होईना. शेळ्या तेव्हापासून बांधलेल्याच होत्या, त्यांना कुणी सोडलं नव्हतं. रोज सकाळी त्यांना सोडताना माय म्हणायची, "व्हा म्होरं, आलेच मी." बाजेवरून आबा विचारायचे, "भाकर घेतली का?" ती म्हणायची, "घेतली." लहानपणी मला जाग यायची ती यानंच. आता ती वेळ झाली की शेळ्या उठून उभ्या व्हायच्या आणि दाराकडं बघत राहायच्या.

तिसऱ्या दिवशी मी जागा सारवली. पीठ तिच्याच डब्यातलं घेतलं, तिनंच गिरणीवरून दळून आणलेलं. टोपली झाकली.

सकाळी चुलती आणि शेजारच्या बाया जमल्या. वाचायचं माझ्यावर आलं. माझ्यावर! पण मी मनाशी ठरवलं होतं. दोन बोटं टेकवायची, शेळीचं खूर म्हणायचं, आबांना जेवायला घालायचं. बायांकडं पाठ करून मी टोपली उचलली.

काही नव्हतं. माझ्या तळव्यानं सपाट केलेलं पीठ होतं तसं होतं. खरं तर हायसं वाटायला पाहिजे होतं, पण मला तिचा राग आला. सगळ्या गावाला सांगत फिरलीस गं माय, आणि लेकीसाठी एक रेघ नाही? डोळ्यांत पाणी आलं. मी बोटं पुढं केली.

"लावू नको." आबा काठी टेकत पाठीशी येऊन उभे होते. "तिची ती खोड मला ठाव हाय. मला खरं सांग, बाई."

आता काय सांगणार? खोटं चालणार नव्हतं, आणि खरं सांगितलं तर हा माणूस उपाशी मरणार.

"काहीच न्हाई, आबा. पीठ कोरं हाय."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. चुलती म्हणाली, "आता गं बाई! म्हणजे जीव घुटमळायलाय. काहीतरी करा, शांत करा."

आबांनी वाकून ते पीठ बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे गेलीच न्हाई ती. ऱ्हाऊ दे की. घर तिचंच हाय." आणि माझ्याकडं वळून, "चूल पेटव. डब्यातलं तिचं पीठ घे, भाकर टाक."

मी भाकरी थापायला बसले. भाकरी कडेला फाटली. आबांनी भिंतीला टेकून पहिला घास घेतला, दुसरा घेतला. अर्धी भाकर मोडून त्यांनी तिच्या जागेवर, त्या कोऱ्या पिठाशेजारी ठेवली. मी गोळी दिली, त्यांनी घेतली.

तेवढ्यात बाहेर शेळ्या ओरडायला लागल्या. मी जाऊन दावी सोडली. एकसुद्धा हलेना. सगळ्या माझ्या खांद्यावरून आत बघत होत्या. मी हाकललं, काठी आपटली, शिव्या दिल्या. शेवटी कसं काय की, तोंडातून निघून गेलं, "व्हा म्होरं, आलेच मी."

शेळ्या चालायला लागल्या.

घरातून, भरल्या तोंडानं, आबांनी विचारलं, "भाकर घेतली का?"

माझ्या हातात काही नव्हतं. मी वळून बघितलं नाही.

"घेतली," मी म्हणाले.