सुजलेली अक्षरं

सुभेदारांना राग आला की ते आधी उभे राहायचे. बसून चिडणं त्यांना बेशिस्तीचं वाटत असावं. शर्टाचं वरचं बटण लावायचे आणि मग समोरच्याला सोलून काढायचे. नोकरी महूच्या छावणीत, लष्कराच्या सिग्नल म्हणजे वायरलेस विभागात झालेली. निवृत्तीनंतर जवळच राऊला घर. माझं शहरात, मल्हारगंजात, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. परवा त्यांच्या शोकसभेत एकजण हसत म्हणाला, "म्हातारा विनाकारण चिडायचा." विनाकारण! माझ्याइतका त्यांचा ओरडा कुणी खाल्ला नसेल, आणि त्यातला एक शब्दही विनाकारण नव्हता.

"चालतंय" हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. "चालतंय मतलब काय भिया? वायरलेसवर आधा निरोप पोचला, तर चालतंय म्हणायचं?"

त्यांच्या बायकोला, काकूंना, रोज सकाळी मराठी पेपर मोठ्यानं वाचायची सवय. छापील पेपर इकडे मिळायचा नाही आणि फोनवरचा बारीक टाइप त्यांना जड जायचा, म्हणून सुभेदारांनी कॉम्प्युटर भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडून घेतला. जोडणारा मी. चित्राच्या चारही कडा टीव्हीबाहेर गेल्या. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द अर्धा. मी ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र लहान केलं. कडा आल्या. दोन मिनिटांचं काम.

सुभेदार उभे राहिले. बटण लावलं. "कडा आल्या, पण अक्षर सुजलं."

खरंच सुजलं होतं. मात्रा आणि वेलांट्या एकमेकींत मिसळल्या होत्या. "काका, टीव्ही पिक्चर बघायला असतो, वाचायला नाही," असं म्हणून मी निघालो.

त्यानंतर दर आठवड्याला फोन. मी आणखी दोनदा गेलो, दोन्ही वेळा कार्डातला चित्र लहान करायचा तोच आकडा मागेपुढे केला. मला कळत नव्हतं, एवढंच खरं. पण इतकी वर्षं दुकान चालवून "मला येत नाही" हे तीन शब्द तोंडातून निघेनात. शेवटच्या खेपेला ते ओरडत असताना मी वैतागून म्हणालो, "चित्र एकदम ओके आहे. काकूंचे डोळे दाखवा."

"दाखवलेत! डॉक्टर म्हणतो, बरोबर आहेत. अक्षर फाटलंय, डोळा नाही!"

"डॉक्टर लोक बोलतात तसं, काका. वय झालं की होतंच."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "अहो, त्याच्यावर कशाला चिडताय? त्याला मशीनचं कळतं. मलाच दिसत नसेल." त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि डबीत ठेवून दिला.

त्या दिवसापासून पेपर बंद. सुभेदार वाचून दाखवायला गेले तर म्हणाल्या, "राहू द्या, तुम्ही हुकूम सोडल्यासारखं वाचता." डोळ्यांवरचा भरवसाच गेला त्यांचा. तांदूळ निवडून झाले की ताट नवऱ्यापुढे धरायच्या: "बघा हो, खडा नाही ना राहिला?" अशा आठ महिने जगल्या, आणि थंडीत गेल्या.

पुढे दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाकडे मला उलगडा झाला. तसल्या टीव्हीत मागच्या ज्या सॉकेटला वायर लावतो, त्याला टीव्हीच्या मेनूत जाऊन नाव देता येतं. नाव "पीसी" ठेवलं की टीव्ही कडा कापत नाही, अक्षर जसंच्या तसं दाखवतो. बस, एक नाव बदलायचं होतं. मी मात्र टीव्हीनं ताणलेलं चित्र कार्डातून दाबत बसलो होतो. त्या ओढाताणीत अक्षरं सुजली आणि मी त्याचं खापर एका बाईच्या डोळ्यांवर फोडलं.

राऊला गेलो. नाव बदललं, कार्डातला आकडा शून्यावर आणला, पेपर उघडला. अनुस्वारसुद्धा कोरल्यासारखा. सुभेदारांनी पडद्याजवळ जाऊन पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं.

"काय केलंस?"

"वायर बदलली. आधीची खराब निघाली."

"मतलब, तिला दिसत होतं."

मी खाली वाकून अवजारं पिशवीत भरू लागलो. मला वाटलं, आता उभे राहतील, आता कान उपटतील. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू काय करणार बेटा. वायरच धोका देऊन गेली."

तो हात आजही पाठीवर आहे. शोकसभेत मलाही बोलायला लावलं, तेव्हा त्यांच्या रागाचे दोन किस्से सांगून मी लोकांना हसवलं. घरी आल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. ते हयात असताना जे बोललो नाही, ते इथे लिहितो.

सुभेदार, वायर तीच होती.