गुंजनच्या सायकलची तपासणी

वर्ध्याजवळच्या आंजी गावात लहानूभाऊंनी चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या. सहा वर्षांपूर्वी बायको गेली, मग गुडघे गेले आणि गावातल्या सायकलीही गेल्या. तरी रोज नऊ वाजता ते दुकान उघडतात आणि रविवारी फोन मांडीवर ठेवून स्टुलावर बसतात. मी शेजारचा रिटायर्ड मास्तर. चहा फुकट मिळतो म्हणून मीही बसतो.

सव्वानऊला पुण्याहून गुंजनचा फोन येतो, ते स्पीकर लावतात. एकुलती एक लेक. नोकरी लागली तेव्हा लहानूभाऊंनी स्वतः पार्ट जोडून तिच्यासाठी सायकल उभी केली आणि वर्ध्याहून रेल्वेने पाठवली. तिचीच ही साप्ताहिक तपासणी.

"अंगठ्यानं टायर दाबून पाह्य. दबते का?"

"नाई बाबा, कडक हाय."

"ब्रेक दाबून सायकल पुढं ढकल. चाक फिरलं नाई पायजे. रबर रिमलेच लागते ना, टायरले नाई?"

"रिमलेच लागते."

"चेनले तेल दे आन् फडक्यानं पुसून घे. रिमवर थेंब पडू देजो नको, मंग ब्रेक लागत नाई."

शेवटी घंटी. एक खणखणीत ठोका, दुसरा जरा बोदा. लहानूभाऊ डोळे मिटून ऐकतात आणि फोन बंद होतो. पुढचे सहा दिवस त्यांच्याशी बोलायला मी एकटाच, आणि माझं सगळं त्यांना पाठ आहे.

दिवाळीत माझा पुतण्या कैलास पुण्याहून आला. सहज बोलता बोलता म्हणाला, गुंजननं सायकल विकून दोन वर्षं झाली, ती स्कूटरवर फिरते. माझं डोकंच फिरलं. म्हातारा इथे जीव टाकतो आणि ही पोरगी त्याला शेंड्या लावते! तिचं पितळ उघडं पाडायचंच, असं ठरवून मी रविवारी दुकानात गेलो. फोन आटोपला तशी सुरुवात केली.

"लहानूभाऊ, ते सायकलचं..."

"इकली तिनं. मले माईत हाय, गुरुजी."

मी कप खाली ठेवला.

"मांगच्या साली तिले म्हणलं, पायडल उलटं फिरव, फ्रीव्हीलचा आवाज आयकव. तं पोट्टी पेनचं बटन टकटक करून राह्यली होती. मले आवाज समजत नाई का?"

"मंग दर रविवारी इचारता काऊन?"

"दुसरं काय इचारू? तिच्या कामातलं मले काई समजत नाई. जेवली का म्हणलं, तं हो म्हणते आन् संपलं. सायकलवर धा मिनिटं बोलते."

मला माझीच लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आन् घंटी कोनाची वाजवते?"

"घंटी आपलीच हाय. तो बोदा ठोका मीच कितीदा काढाले पाह्यला, निंघालाच नाई." ते कप विसळायला उठले. "सायकल इकली, पन घंटी काढून ठेवली तिनं."

पुढच्या रविवारी त्यांच्या यादीत कॅरियरचे नट आले. त्याच्या पुढच्या रविवारी मडगार्ड. घंटीच्या आधी अजून काय विचारता येईल, हे ते आठवडाभर त्या रिकाम्या दुकानात शोधत बसतात.