दारात बांधलेली बकरी

मस्कतच्या रुवी भागातल्या फ्लॅटमध्ये ती इंग्रजी कादंबरी मी दुसऱ्यांदा वाचत होते, आणि दुसऱ्यांदाही शेवटच्या पानांत बापाला शोधत होते.

कादंबरी माझ्या खोलीत राहणाऱ्या मल्याळी नर्सची. इंग्रजी सुधारावं म्हणून मी मागून घेतली होती. अमेरिकेच्या माळरानावर वस्ती करायला आलेल्या गोऱ्या माणसाची मुलगी लाकोटा या तिथल्या मूळ टोळीच्या सरदाराच्या प्रेमात पडते. सरदार रिवाजाप्रमाणे घोडे आणून तिच्या बापाच्या दारात बांधतो. बाप बंदूक काढतो. मुलगी सरदाराबरोबर निघून जाते, आणि पुढे बापाचं नावही येत नाही. त्या घोड्यांचं त्याने काय केलं? त्या दिवशी तो जेवला का? मला चैन पडेना.

कारण माझाही बाप होता. तापीकाठी आमची थोडी शेती. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मला बी.एस्सी.ला घातलं तेव्हा भावकी हसली. वडील मात्र रोज सकाळी सायकलवर मला फाट्यापर्यंत सोडायचे आणि एस.टी. हलेपर्यंत तिथेच उभे राहायचे. मस्कतला लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा म्हणाले, "जा माय. आमचं तर नाशिकही नीट पाहून झालं नाही."

आणि मी लग्न ठरवलं ते सातपुड्यातल्या एका पावऱ्याशी. तो आदिवासी, त्याच्या घरातलाही तोच पहिला शिकलेला. ओमानमधल्याच सोहार शहराच्या औद्योगिक वसाहतीत टेक्निशियन होता. एकदा आमच्या लॅबमध्ये रक्त द्यायला आला आणि माझं मराठी ऐकून त्याने गाव विचारलं. त्याच्या पाड्यावरून आमचं शेत दिसतं, हे आम्हाला ओमानमध्ये कळलं.

शुक्रवारी तो बसने रुवीला यायचा. चहाच्या हॉटेलात मी त्याला कादंबरीची गोष्ट सांगितली.

"घोडे? श्रीमंत होता मग," तो म्हणाला. "आमच्याकडे बकरी असते. चालेल ना?"

"आधी मला घरी बोलू दे."

"आणि त्या मुलीचा बाप तिथे आला तेव्हा माळ रिकामा होता म्हणे?"

"पुस्तकात तसं आहे."

"तुझे आजोबा काय सांगायचे?"

मी आठवून सांगितलं. आजोबा सांगायचे, आम्ही आलो तेव्हा इथे नुसतं रान होतं.

"रानात कोण राहत होतं, ते विचारलंस का कधी?" त्याने हसतच विचारलं आणि माझ्या कपात उरलेला चहा पिऊन टाकला. मला ते हसणं पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

मी घरी बोलायचं आज-उद्या करत राहिले. त्याने मात्र आपल्या वडिलांना सांगून टाकलं होतं. एका दुपारी लॅबमध्येच आईचा फोन आला.

"अगं, डोंगरातली तीन माणसं आली होती. म्हणे, पोरीचं देज, म्हणजे पोरीबद्दल पैसे, काय घेणार? तुझ्या वडिलांना विचारलं गं, भर गल्लीत!"

मागून वडिलांचा आवाज आला. "तिला विचार, मी बैल बाजारात उभा केलाय का?"

"आणि दारात बकरी बांधून गेलेत," आई म्हणाली.

संध्याकाळी मी सोहारला फोन केला. मी रडत होते, तो चिडला होता.

"भाव नाही विचारला. मान दिला," तो म्हणाला. "मुलगी वाढवलेल्या बापाला रिकाम्या हाताने कसं भेटायचं? तुमच्यात उलट त्याच्याकडूनच घेतात, त्याला काय म्हणतात?"

थोड्या वेळाने तो शांत झाला. "बकरी परत पाठवली तर नकार. ठेवली तर आमच्या गावाने होकार धरला. आता तुझ्या वडिलांच्या हातात आहे."

पण वडिलांना हे कुठे माहीत होतं?

त्यानंतर मी एका जागी बसू शकत नव्हते. ड्यूटी संपली की रुवीच्या गल्ल्यांतून चालत सुटायचे. सोन्याची दुकानं, पैसे पाठवणाऱ्यांच्या रांगा, बस स्टँड, परत सोन्याची दुकानं. घरी फोन केला की तब्येत, पाऊसपाणी आणि मग सहज विचारल्यासारखं, "बकरी?"

"आहे की. मुक्या जनावराला उपाशी ठेवायचं का? तुझे वडील रोज बाभळीचा पाला आणतात."

मला आनंद व्हायला हवा होता. पण वडील नकळत होकार देत होते आणि आमच्या घरात ते एकट्या मलाच माहीत होतं. गप्प राहिले असते तर डोंगरात होकार पोचला असता. मग वडील त्या कादंबरीतल्या बापासारखे झाले असते, ज्याला कुणी काही विचारत नाही. ज्यांनी मला फाट्यापर्यंत सोडलं, त्यांना असं मागे टाकून मला पुढे जायचं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मी वडिलांनाच फोनवर बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. तो कोण, त्याचा पाडा कुठला, बकरीचा अर्थ काय. "आता तुम्ही परत पाठवलीत तरी मी न सांगता कुठे जाणार नाही," मी म्हणाले.

पलीकडे बकरी ओरडली. म्हणजे ते अंगणातच होते.

"शिकलेला आहे?"

"हो."

"त्याच्या बापाला म्हणावं, जनावर बांधताना दोर जरा लांब ठेवायचा. मानेला काच बसतो." मग म्हणाले, "मी बदललाय दोर."

फोन त्यांनीच ठेवला. हा होकार होता का, ते विचारायला मला सुचलंच नाही. मी तशीच जिना उतरून बस स्टँडकडे निघाले. त्याला घेऊन येणारी सोहारची बस यायला अजून अवकाश होता, तरी मी फलाटावर येरझाऱ्या घालत राहिले.