भोंग्याच्या आडून

लग्न होऊन मी काळेवाडीला आले तेव्हा साठचं दशक सरत आलं होतं. तिथं घरं कमी आणि मेथी-कांद्याची शेतं जास्त. नदीपलीकडे कंपन्यांची धुराडी, अलीकडे आमची खोली. खोली म्हणजे एका जुन्या शेतकरी घराचा निम्मा तुकडा होता. मध्ये भिंत घातली होती, पण ती कौलांपर्यंत गेलेली नव्हती. माणसाला डोकावता येऊ नये एवढी तिची उंची होती; आवाजाला तिची काहीच अडचण नव्हती. पलीकडे घरमालकीण म्हातारी मिरचीची फोडणी द्यायची आणि ठसका इकडे मला लागायचा.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. सासरे खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि पाळक आले नाहीत की रविवारची उपासनाही तेच घ्यायचे. आम्हाला एस.टी.त बसवायला आले तेव्हा त्यांनी स्टँडवरच दोघांच्या डोक्यांवर हात ठेवले आणि प्रार्थना सुरू केली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तेव्हा कुठे आमेन झालं. मग मला म्हणाले, "सूनबाई, दिवसातून एकदा दोघांनी गुडघे टेकायचे. आणि करायची ती मोठ्यानं. मनातल्या मनात केलेली प्रार्थना म्हणजे झोपेची पहिली पायरी." मी मान डोलावली. शहरात संसार थाटायला निघालेली नवी नवरी कशालाही मान डोलावते.

पहिल्याच संध्याकाळी आम्ही गुडघे टेकले. आमच्या ह्यांना आवाज वडिलांचा मिळालेला, मागच्या बाकापर्यंत जाणारा. त्यांनी देवापुढे दिवसभराचं सगळं मांडलं. आमचं चुकलं, आम्ही रागाने बोललो, आम्हाला क्षमा कर, पुन्हा असं होऊ देऊ नकोस. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर म्हातारीनं मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "काल सांजच्याला काय झालं व्हतं गं पोरी? मालक लईच माफी मागत व्हते. येवढं कुनी नवऱ्याला वाकवतं व्हय?"

कान देऊन ऐकणाऱ्या विहिरीवरच्या बाया फिदीफिदी हसल्या. मी "काही नाही, मावशी" म्हणून अर्धी भरलेली घागर उचलून पळाले.

त्या दिवशी मला जी लाज वाटली ती नुसती हसण्याची नव्हती. म्हातारीही रोज पूजा करायची. घंटा वाजायची, उदबत्तीचा वास भिंतीवरून यायचा, पण तिनं देवाकडे काय मागितलं ते कुणाला कळायचं नाही. आमच्याकडे ना घंटा ना उदबत्ती. आमच्याकडे नुसती माणसं डोळे मिटून बोलतात, आणि बोलतात ते सगळं घरातलं. उद्या मी मुलासाठी प्रार्थना केली, की परवा विहिरीवर तीच चर्चा. मी ह्यांना सांगितलं, "हळू आवाजात करा." हळू आवाजात केली तर दोघांनाही पेंग यायची. सासरे खोटं बोलले नव्हते.

मार्ग सापडला तो भोंग्यामुळे. नदीपलीकडच्या कंपनीचा पहिल्या पाळीचा भोंगा सकाळी असा वाजायचा की ताटल्या थरथराव्यात. ह्यांची त्याच कंपनीत उशिरा सुरू होणारी जनरल शिफ्ट, त्यामुळे तेव्हा हे घरीच असत. एकदा भोंगा चालू असताना हे मला काहीतरी ओरडून सांगत होते आणि मी हातभर अंतरावर असून मला एक शब्द ऐकू आला नाही. मला एकदम सुचलं. मला नाही ऐकू येत, तर भिंतीपलीकडे काय जाणार?

दुसऱ्या दिवसापासून भोंगा सुरू झाला की आम्ही गुडघ्यांवर. भोंगा चढत जायचा तसा ह्यांचा आवाज चढायचा. भोंगा उतरायला लागला की आम्ही घाई करायचो, आणि तो थांबायच्या आत आमेन. सुरुवातीला प्रार्थना लांबायची आणि शेवटचं वाक्य उघड्यावर पडायचं. मग हळूहळू बेतात बसली. चुकांची क्षमा, भाकरीबद्दल आभार, आजाऱ्यांना बरं कर, प्रवाशांना सांभाळ, आमेन. शिंपी मापात कापड बसवतो तशी बसली.

आणि गंमत अशी, की सवय लागली! एक दिवस चुकेना. आळस करायला भोंगा थांबतोय थोडाच. मला त्याचा ताठाही चढला. रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बाया म्हणायच्या, "सकाळी वेळच मिळत नाही हो प्रार्थनेला." मी म्हणायची, "ठरवलं की मिळतो." पाळकांच्या बायकोनं महिला मंडळात मला या विषयावर चार शब्द बोलायलाच लावलं. मी उभी राहिले, पदर सारखा केला, आणि वेळ एक ठेवावी, जागा एक ठेवावी, मन आपोआप लागतं, असं छान सांगितलं. भोंग्याचं मात्र सांगितलं नाही. बायांनी माना डोलावल्या, आणि एकीनं तर मला घरी येऊन तिच्या नवऱ्याला समजवायला सांगितलं.

काही वर्षं अशी गेली. मग म्हातारीचा मुलगा आजारी पडला.

एकुलता एक मुलगा, नदीपलीकडे कारखान्यात भट्टीवर कामाला होता. सगळी वाडी त्याला भाऊ म्हणायची, आम्हीही भाऊच म्हणायचो. त्याला खोकला लागला, तो वाळत गेला, आणि एक दिवस थुंकीतून रक्त पडलं. त्याला छातीच्या दवाखान्यात ठेवलं आणि म्हातारीला आठवड्यातून एकदा लांबूनच भेटू देऊ लागले. ती आमच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यापाशीच बसली.

"पोरी, तुमी रोज देवासंगं बोलता. मला ठावं हाय."

म्हणजे भोंग्यातूनही हिला ऐकू येत होतं की काय?

"शब्द न्हाई कळत," ती म्हणाली, "पर भोंगा झाला की तुमी बसता, येवढं कळतं. आमी पूजेत निस्ती फुलं वाहतो. तुमी बोलता. तर माझ्या भाऊचं नाव घ्या त्यात. रोज घ्या. मी बी त्या वक्ताला भिंतीशी बसन."

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "घेऊ, मावशी. रोज घेऊ."

पहिले काही दिवस ह्यांनी "शेजारच्या भाऊंना" असं घातलंही. मग एकदा भोंगा आधी संपला आणि "भाऊंना" एवढंच उघड्यावर पडलं. हे ओशाळले. म्हणाले, "आजाऱ्यांना बरं कर, यात तो आलाच की." मलाही ते पटलं. जगातले सगळे आजारी ज्या शब्दात मावतात त्यात एक भाऊ मावायला काय हरकत होती? भिंतीपलीकडे म्हातारी रोज बसायची. भोंगा थांबला की तिचं पाटावरून उठतानाचं कण्हणं ऐकू यायचं. ते ऐकून मी चहा टाकायची.

त्यातच कंपनीत संप झाला. पहिल्या सकाळी मला जाग आली ती नेहमीच्या वेळेलाच, पण भोंगा नाही. नदीपलीकडून एक आवाज नाही. शेतातले पक्षी ओरडत होते, ते मी तोवर कधी ऐकलेच नव्हते. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. कौलांखालून म्हातारीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. हे म्हणाले, "आज मनातच करू." आणि कुशीवर वळले.

आठवड्याभरात मनातलंही बंद झालं. हे दिवसभर गेटवर जाऊन बसत, संध्याकाळी चिडून परत येत. घरात डाळ पातळ होत चालली होती. म्हातारी शेतातली मेथी, कधी चार वांगी सुपात घालून दारात आणून ठेवायची आणि म्हणायची, "जास्तीची हायेत, घ्या." खरं म्हणजे प्रार्थनेची गरज पडावी असे तेच दिवस होते. आणि माझी ती नावाजलेली सवय, जिच्यावर मी भाषण केलं होतं, ती भोंग्याबरोबर संपावर गेली होती.

एका दुपारी मी दारात तांदूळ निवडत होते. म्हातारी दवाखान्यातून चालत आली आणि माझ्या शेजारी टेकली. मग म्हणाली, "डागदर म्हनतो, अजून काय सांगता येत न्हाई." मग तिनं विचारलं, "पोरी, हल्ली तुमचा आवाज येत न्हाई. भोंगा न्हाई तरी मी बसते त्या वक्ताला. म्हनलं, मनात म्हनत असतील. म्हनता न्हवं?"

"म्हणतो ना, मावशी," मी म्हणाले. हात तांदळातच होते. खडा म्हणून मी चांगला तांदूळ उचलून फेकला.

"मग ठीक हाय," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात रोवून उठली.

माझं तोंड इतकं गरम झालं की मी आत जाऊन पाण्यात हात बुडवून गालांना लावले. तिला शंका आली असती, तिनं चार शब्द सुनावले असते, तर मी उलट काहीतरी बोलले असते. तिनं विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळी मी उठले. हे जागे होते, पण भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी एकटीच गुडघे टेकले. भिंतीपलीकडे पाट सरकल्याचा आवाज आला. ती बसली होती.

मी मोठ्यानं सुरुवात केली. स्वर्गीय पित्या, म्हणाले, आणि माझाच आवाज मला परका वाटला. इतकी वर्षं प्रार्थनेतला माझा आवाज मी भोंग्याखाली दडपलेलाच ऐकला होता. क्षमा मागावी म्हणून तोंड उघडलं तर रोजचीच वाक्यं पुढे आली. ती मी मागे सारली. नुसतं भाऊचं नाव घ्यायचं ठरवलं. "या घरातला मुलगा दवाखान्यात आहे. त्याला बरं कर. त्याला..."

आणि मी थांबले. मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

भाऊ हे काही नाव नव्हे. वाडीत दहा भाऊ होते, आमच्या देवळात तर झाडून सगळे पुरुष भाऊ. त्याच्या आईनं माझ्या उंबऱ्यात बसून नाव घ्या म्हटलं, मी रोज घेऊ म्हटलं, आणि ते कोणतं हे विचारायचंही मला सुचलं नव्हतं. ती ऐकत होती, आणि मी गप्प झाले होते. काहीतरी पुटपुटून आमेन म्हणता आलं असतं. पण आता आड लपायला भोंगा नव्हता.

"मावशी," मी गुडघ्यांवरूनच म्हणाले, "भाऊंचं नाव काय हो?"

उत्तर लगेच आलं नाही. त्या थांबण्यात तिला सगळं कळलं, हे मला कळलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं.

मग तिनं नाव सांगितलं. आणि म्हणाली, "निस्तं तेवढंच नको घेऊ. त्या नावाची लई हायेत. देवाला कळाया पायजे, कुनाचा त्ये. पुरं घे." आणि ती पुन्हा थांबली.

का थांबली ते मला माहीत होतं. पुऱ्या नावात मुलाच्या मागोमाग बापाचं नाव येतं. म्हातारीचा नवरा मरून कितीतरी वर्षं झाली होती, पण तिनं त्याचं नाव कधी ओठांवर आणलं नव्हतं. मागे मतदानाला कारकुनानं तिला नवऱ्याचं नाव विचारलं, तर तिनं रांगेतल्या शेजारणीला कोपरानं ढोसून तिच्याकडून वदवून घेतलं होतं. आम्ही सगळ्या हसलो होतो. आता तिच्या शेजारी कुणी नव्हतं.

भिंतीपलीकडून आधी नुसता श्वास आला. मग एका दमात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं, त्याला जोडून आडनाव, आणि शेवटी गाव.

मी ते पुरं नाव तसंच्या तसं मोठ्यानं म्हटलं. पुढे काय मागितलं ते आठवत नाही. रडत होते एवढं आठवतं. आमेन आलं ते माझ्या मागून. हे केव्हा उठून माझ्या मागे गुडघ्यांवर बसले होते, मला कळलं नव्हतं.

पाट सरकला. म्हातारी कण्हत उठली. जाता जाता म्हणाली, "आता रोज."

संप मिटला, भोंगा पुन्हा वाजू लागला. आम्ही तो पुरता थांबेपर्यंत बसून राहायचो आणि मग सुरू करायचो. विहिरीवर सगळं कळायचं, कळू दे. भाऊ पुढच्या उन्हाळ्यात घरी आला, काठीसारखा झालेला पण चालत. म्हातारी येईल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "ह्या पोरीनं देवाला माझ्या लेकाचं नाव सांगितलं." लोक माझ्याकडे आदराने बघायचे. मी काहीतरी काम काढून आत जायची. आम्हाला त्याचं नावही ठाऊक नव्हतं तेव्हाही रोज वेळेवर त्याच्यासाठी बसणारी या घरात एकटी तीच होती, भिंतीच्या पलीकडे.