पोटाने घ्यायचा श्वास

पोट फुगण्याचा त्रास सुरू झाल्यापासून मी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे व्यायाम शिकायला जाते. काल शेजारच्या सतरंजीवर एक आजी उताण्या झोपल्या होत्या. श्वास त्यांच्या छातीतच अडायचा, पोट काही हलायचं नाही. सोबत आलेल्या मुलीने मग आपला तळवा त्यांच्या बेंबीवर ठेवला आणि म्हणाली, "आई, माझा हात वर उचल बघू."

आजींना हसू आलं. पुढच्या श्वासाला तो हात अलगद वर आला.

माझ्या आईलाही शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी हाच व्यायाम सांगितला होता. मी नोकरीसाठी नागपूरला, ती साताऱ्यात. रोज फोनवर मी विचारायचे, "केलास का गं व्यायाम?"

"एकटीला नाही जमत. तू आलीस की करू."

मला तो आळस वाटायचा. मी रागवायचेसुद्धा. दिवाळीत मी चार दिवस साताऱ्याला गेले, पण फराळात आणि पाहुण्यांत ते राहूनच गेलं. पुढच्या दिवाळीला आई नव्हती.

"सावकाश सोडा श्वास," बाई म्हणाल्या. मी डोळे मिटून घेतले. लहानपणी माझं पोट दुखलं की आई कोमट पाण्यात हिंग कालवून बेंबीभोवती बोटं फिरवायची, तिच्या बोटांचा खरखरीतपणासुद्धा मला आठवतो. तिच्या पोटावर मी कधी हात ठेवला होता, ते मात्र कितीही आठवलं तरी आठवेना.